डाव्या कानातलं बोट

अकरा वर्षं मी डाव्या कानात एक खोटं बोट घालत आले.

गिटारच्या ॲम्पसमोर, म्हणजे तिचा आवाज मोठा करणाऱ्या स्पीकरच्या खोक्यासमोर, माइकची जागा शोधताना आमच्या धंद्यातली माणसं एक कान बोटाने बंद करतात आणि दुसरा कान स्पीकरसमोर हळूहळू फिरवतात. माइकला एकच कान असतो, म्हणून आपणही एकानेच ऐकायचं. मीही तसंच करायचे. फक्त मी बंद करायचे तो कान सातव्या वर्षी गालगुंडात कायमचा गेलेला आहे. देवळाली कॅम्पात माझा स्टुडिओ आहे, काम बरं चालतं, आणि ही गोष्ट घरच्यांपलीकडे कुणाला माहीत नव्हती. एका कानाची रेकॉर्डिस्ट म्हटल्यावर लोक माझं काम ऐकायच्या आधीच उठून जातील, याची मला खात्री होती.

गेल्या मंगळवारी शौनक आला. कॉलेज रोडला राहतो, चाली लावतो, सहा गाण्यांचा अल्बम करतोय. "मंजुषाताई, आज हे एक गाणं जमलं तर सहाही तुमच्याकडे. नाहीतर मुंबईला जाऊ," हे त्याने चपला काढता काढताच सांगून टाकलं. मला माणसं अशी दारातच तोलायला लागली की माझं डोकं फिरतं. पण सहा गाणी म्हणजे माझी दिवाळीपर्यंतची बेगमी होती, म्हणून मी हसून चहा टाकला.

त्याच्याबरोबर सई होती, कळवणची गिटारवादक. काचेच्या वाल्वचा जुना ॲम्प तिने स्वतःच उचलून आत आणला, कुणाला हात लावू दिला नाही. तिने तारा छेडल्या आणि मला मुलगी आवडली. सूर अगदी साफ, कुठेही करकर नाही, खरखर नाही. असा साफ आवाज रेकॉर्ड करणं सगळ्यात कठीण. करकरीच्या मागे सगळं लपतं. साफ आवाजात पंखासुद्धा लपत नाही, म्हणून मी आधी पंखा बंद केला.

शौनकने एक पेटी उघडली. आत फोमच्या गादीवर दोन माइक होते, दोन्ही महागाचे, आणि मोबाइलमध्ये कुठल्याशा परदेशी स्टुडिओचा फोटो. एक माइक स्पीकरला चिकटून, दुसरा हातभर मागे. "असंच लावायचं," तो म्हणाला. मी जागा बदलायला सुचवलं, तर त्याने पुन्हा फोटो दाखवला. बरं बाबा, म्हणून मी लावले.

सईने वाजवलं. शौनकने हेडफोनमध्ये एक माइक डावीकडे आणि एक उजवीकडे ठेवायला लावला आणि डोळे मिटून मान डोलवायला लागला. "काय पसरलंय! खोलीभर गिटार!"

माझ्या कानात मात्र गिटारचं पोट गेलं होतं. नुसता पातळ, पोकळ आवाज. माझ्या हेडफोनच्या डब्यावर एक बटण आहे. ते दाबलं की डावं-उजवं एकत्र होऊन येतं. ते मी कायम दाबून वर चिकटपट्टी लावून ठेवते, नाहीतर निम्मं गाणं माझ्यापर्यंत पोचणारच नाही. कुणी विचारलं तर बटण खराब आहे म्हणून सांगते.

"हे दोन माइक एकमेकांना खातायत," मी म्हणाले. "एकाला आवाज आधी पोचतोय, दुसऱ्याला मागाहून. एकत्र केले की मधला भरीव सूर जातोय."

"मला तर मस्त ऐकू येतंय," शौनक म्हणाला. त्याने माझे हेडफोन घेतले, क्षणभर ऐकलं, आणि त्याची नजर चिकटपट्टीवर गेली. मी काही बोलायच्या आत त्याने ती उचकटून बटण सोडलं. "हे दाबलेलं होतं! म्हणून तुम्हाला तसं वाटतंय. आता ऐका." त्याने हेडफोन माझ्या डोक्यावर चढवले. "आता सांगा, डावीकडचा माइक जास्त आहे का उजवीकडचा?"

मला फक्त उजवीकडचं ऐकू येत होतं. 'सारखेच आहेत' म्हणून ठोकून देता आलं असतं. समोरच्या मीटरच्या काट्यांवर बघून सांगता आलं असतं, रोज तेच करते. पण मग त्याचं खरं ठरलं असतं, आणि सईचं वाजवणं असं पोकळ होऊन कायमचं राहिलं असतं. माझं लपवण्यापायी त्या मुलीची गिटार वाया घालवायची? मला स्वतःचाच राग आला.

"मला नाही सांगता येणार," मी म्हणाले. "माझा डावा कान लहानपणीच गेलाय. मला एकाच कानाने ऐकू येतं. आणि हा आवाज वाईट आहे हे मी त्या एकाच कानाने सांगतेय."

शौनक उठला आणि त्याने मागचा माइक काढून पेटीत ठेवला. मग पुढच्या माइकला हात घातला. सहा गाणी गेली, हे मला कळलं. पण आश्चर्य म्हणजे मला मोकळं वाटत होतं.

"थांबा ना," सई म्हणाली. "आत्ता वाजवलेलं जरा फोनवर घ्या."

"कशाला?"

"माझी आई फोनवरच ऐकल. ओट्यावर उभा करून. तिच्याकडं दुसरं काय हाय?"

मी गाणं तिच्या फोनवर टाकलं. तिने जुना, एका स्पीकरचा फोन टेबलावर ठेवला; त्यातून डावं-उजवं एकत्रच येतं. गायिकेचा आधीच घेतलेला आवाज ठणठणीत आला. गिटार मात्र मागे कुठेतरी डबा वाजवल्यासारखी. शौनकने फोन उचलून कानाशी नेला, पुन्हा ठेवला, पुन्हा लावला. त्याचा चेहरा उतरला.

"असंच ऐकू येत होतं तुम्हाला?" त्याने विचारलं.

"पहिल्यापासून."

"मग तुम्ही लावा," तो बाजूला झाला.

मी ॲम्पसमोर गुडघे टेकले. बोट सवयीने डाव्या कानाकडे गेलं आणि मी ते खाली घेतलं. सईला एकच सुरावट वाजवत ठेवलं. स्पीकरच्या मधोमध आवाज टोचत होता, कडेला बोथट होता. मध्यापासून दोन बोटं बाजूला तो गोल झाला, भरला. आधी तिथे माझा रोजचा माइक लावला. जरा कोरडा वाटला. मग शौनकचा पुढे लावलेला माइक लावून बघितला, तो सरस निघाला. मी तोच ठेवला, वीतभर मागे घेतला, तोंड किंचित वळवलं. चांगल्याला चांगलं म्हणायला माझं काही जात नाही.

सईने पूर्ण गाणं एका दमात वाजवलं. लांब लष्कराच्या रेंजवर तोफांचा सराव सुरू व्हायच्या आत संपवलंही. फोनवर लावलं तेव्हा तिची गिटार गायिकेच्या आवाजाच्या शेजारी येऊन बसली होती, एकेक तार वेगळी आणि तरी भरलेली. सई दोन्ही हात तोंडावर ठेवून ऐकत राहिली. मला भरून आलं, आणि ते मी लपवलं नाही.

शौनक ॲम्पसमोर बसला होता. त्याने डाव्या कानात बोट घातलं आणि जिथे माझा कान होता तिथे स्वतःचा नेला. सईला पुन्हा तीच सुरावट वाजवायला सांगितली.

"उद्या दहाला येतो. बाकीची पाच घेऊन," तो उठत म्हणाला. मग जरा घुटमळला. "ताई, ते कानाचं... मी कुणाला बोलणार नाही."

"बोला की," मी म्हणाले. "आणि माझ्याशी बोलायचं तर उजव्या बाजूला बसायचं, हेही सांगा."

जाताना त्याने ती उचकटलेली चिकटपट्टी टेबलावरून उचलली, बटण दाबलं, आणि पुन्हा नीट लावून दिली.