चौथ्या दिवसाचा सूर्य

“पाळकसाहेब, बायबलात सूर्य जर चौथ्या दिवशी झाला, तर पहिल्या तीन दिवसांची संध्याकाळ कशानं झाली?”

सुवार्तेचा प्रश्न देवळाच्या पत्र्यापर्यंत गेला आणि तिथंच राहिला. सतरंजीवर तिच्या शेजारी बसलेल्या पोरांनी माना खाली घातल्या. तिनं विचारायचा प्रश्न खरं तर हा नव्हताच. ‘प्रार्थनेच्या वेळी डोळे का मिटावेत?’ हा होता. दृढीकरण झालं की मूल मोठ्यांत गणलं जाई आणि प्रभूच्या मेजापाशी, भाकरी-द्राक्षारसाला, येई. त्याच्या आदल्या दिवशी मंडळीचे पंच मुलांची परीक्षा घेत, आणि परीक्षा संपली की प्रत्येक मुलानं पाळकांना एक शंका विचारायची, अशी जुनी रीत होती. शंका ठरलेल्या, उत्तरंही ठरलेली. सुवार्तेच्या आईनं तिच्या वेळी डोळ्यांचीच शंका विचारली होती आणि उत्तर तिला अजून पाठ होतं.

पाळक काकासाहेब डोळ्यांचं उत्तर देण्यासाठी तोंड उघडून बसले होते. ते त्यांनी हळूच मिटलं.

कोपऱ्यात तिचे बाबा, साहेबराव मास्तर, उद्याच्या भजनांसाठी पेटी पुसत होते. त्यांच्या हातातलं फडकं थांबलं. सुवार्तेनं मोठ्या आशेनं तिकडं पाहिलं. वर्गात एखाद्या पोरानं चांगला प्रश्न विचारला की बाबांच्या डोळ्यांत जे येई, ते तिला आता बघायचं होतं. पण बाबा फरशीकडं बघत होते. इतके टक लावून, की तिथं काही सांडलं असावं.

तेव्हा कुठं तिला पहिल्यांदा काही चुकल्यासारखं वाटलं.

तोपर्यंत तिला गंमतच वाटत होती. यंदा पंधरा ऑगस्टला सगळ्या शाळेपुढं कागद न घेता भाषण ठोकल्यापासून आपण कुणापुढंही बोलू शकतो, अशी तिची खात्री झाली होती, आणि ही खात्री ती दिवसातून दोनदा तरी कुणाला तरी सांगत असे. म्हणून तर परवा हापशावर तिच्या मैत्रिणीनं, बोर्डिंगातल्या बेबीनंदानं, तिला बरोबर पकडलं.

“तुझे बाबा विज्ञानाच्या तासाला सूर्य आधी आणतात, अन् पृथ्वी मागून. तुमच्या देवळात पृथ्वी आधी, सूर्य चौथ्या दिवशी. मंग खरं काय गं?”

“मला काय माहीत.”

“शनिवारी पंचांपुढं बसणार ना तू? विचारून दाखव. विचारलंस तर महिनाभर तुझं दप्तर मी वाहीन.”

“ही विचारणार?” शिवकन्या हापसा मारता मारता म्हणाली. “ही पंचांना सलाम घालतानाच थरथरती.”

झालं. एवढं पुरे होतं.

आता मागच्या बाकावरून तातेराव उठले. मंडळीचे थोरले पंच, आणि मिशनच्या शाळेच्या कमिटीतही तेच. त्यांच्या वहाणा देवळाबाहेर होत्या, तरी त्यांची पावलं वाजत होती.

“नाव सुवार्ता, अन् तोंडातून हे! कोणी शिकवलं?”

सुवार्तेच्या डोळ्यांपुढं एकदम एक उलटी बाज आली. चित्रकलेच्या मास्तरांची. त्यांनी फळ्यावर माकड काढलं होतं, त्याच्या पुढं थोडं ताठ माकड, आणि त्याच्या पुढं माणूस. तातेरावांच्या कमिटीनं त्यांना काढलं, आणि दिवाळीच्या सुट्टीआधीच त्यांची बाज बैलगाडीत उलटी टाकलेली, वर कणग्या, कणग्यांवर लहान पोर, अशी भोकरदनच्या वाटेला लागली होती. वस्तीतल्या कुणीही घराबाहेर येऊन सलाम केला नव्हता. तिनंही नाही.

“कोणी न्हाई,” ती म्हणाली. “पुस्तकात वाचलं.”

“कोणत्या?”

शाळेच्या पुस्तकात ग्रहांची नावं होती, बस्स. आधी काय आणि मागून काय, हे बाबांनी तोंडानं सांगितलं होतं, तेही वर्गाकडं पाठ करून, फळा पुसता पुसता.

“तातेराव, लेकरू हाय,” पाळकसाहेब म्हणाले.

“उद्या प्रभूच्या मेजापाशी येणारी लेकरू कशी, साहेब?” तातेराव तिच्याकडंच बघत होते, पण बोलणं कोपऱ्याकडं जात होतं. “पोरी, उद्या घंटेच्या आधी ते पुस्तक घेऊन ये. पुस्तक न्हाई, तर माणूस. दोन्हीतलं एक आण. मंग उभी राहा.”

पेटीचं झाकण बंद झाल्याचा आवाज आला.

घरी जाताना बाबा पुढं आणि ती मागं. एरवी ती त्यांच्या बरोबरीनं चाले, अर्धा रस्ता उलटं चालत त्यांच्याशी बोले. आज कपाशीच्या रानावरून येणारं वारंसुद्धा तिला मागून कुणी येत असल्यासारखं वाटलं. आपण देवळात खोटं बोललो, हे तिच्या आता ध्यानात येत होतं. दृढीकरणाच्या आदल्या दिवशी, वेदीपासून हातभर अंतरावर. तिनं एकदा वर पाहिलं. आभाळ नेहमीसारखंच होतं, आणि त्याचीच जास्त भीती वाटली.

“बाबा,” ती म्हणाली.

“घरी,” बाबा म्हणाले. तोंड न वळवता.

घरी आई, मालनबाई, तिची उद्याची पांढरी साडी इस्त्री करत होती. तांब्यात चुलीतले निखारे, तांब्याच्या गळ्याला फडकं, आणि साडीवर पाण्याचे शिंतोडे. बातमी तिच्या आधीच घरी पोचली होती, हे तांब्या ज्या जोरानं फिरत होता त्यावरून कळत होतं.

“साडीला भावजीनं जालन्याहून किनार आणली,” आई कुणालाही न बघता म्हणाली. “तुझी आत्या उद्या पहिल्या गाडीनं घनसावंगीहून निघणार. अन् तू आमच्या तोंडाला काळं फासून आलीस.”

बाबांनी दार लावलं. मग खिडकी लावली. मग ते बाजेवर बसले. घरात संध्याकाळ आधीच झाली.

“तू माझं नाव घेतलं न्हाईस,” ते म्हणाले.

“न्हाई.”

“का?”

“तुमची बाज...” ती म्हणाली.

बाबांनी बाजेच्या माच्यावरून हात फिरवला. त्यांना कळलं होतं.

“पण बाबा, तुम्ही वर्गात एक सांगता आणि देवळात पेटी वाजवता. तुम्हाला भीती न्हाई वाटत? देवाची?”

“वर्गात जाताना मी देऊळ घरी ठेवून जातो. देवळात जाताना वर्ग घरी ठेवून जातो.”

“मंग दोन्ही घरीच हायेत की.”

“घरी कोणी विचारत न्हाई.”

“मी विचारून राह्यले.”

आईचा तांब्या थांबला. बाबांनी एकदा बंद खिडकीकडं पाहिलं. सुवार्तेनं आपल्या बाबांना वर्गाच्या शेवटच्या बाकापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात बोलतानाच ऐकलं होतं. आता ते एवढ्या हळू बोलले, की ती पुढं सरकून त्यांच्या गुडघ्याला टेकली.

“देवाचा दिवस आपल्या दिवसाएवढाच असंल कशावरून? सूर्यच नव्हता, तर तो दिवस सूर्यानं मोजलेला न्हाईच. एकेक दिवस कोटी कोटी वर्षांचा असंल. आधी उजेड. मंग पाणी, मंग जमीन, मंग झाडं. धुरळा बसता बसता सूर्य दिसायला लागला असंल. ज्यानं हे सांगितलं तो घड्याळ लावून बसला नव्हता, पोरी. त्याला एवढंच सांगायचं होतं की हे सगळं कोणीतरी मनापासून केलंय. अन् मी वर्गात सांगतो ते कसं केलं, एवढंच.” ते थांबले. “मला तर एकाला पकडलं म्हणून दुसरं सोडावंसं कधी वाटलं न्हाई.”

सुवार्तेनं टाळीच वाजवली.

“बाबा! हे तर उत्तर हाय! हे सांगा ना पाळकसाहेबांना! मी सांगू?”

“चूप!” बाबांनी तिचे दोन्ही हात धरले. “हे कोणाला सांगायचं न्हाई. बिलकुल न्हाई. दिवस म्हणजे दिवस, असंच तातेराव म्हणतात, अन् शाळा त्यांच्या हातात हाय. हे घरसुद्धा मिशनचं हाय, ध्यानात ठेव.”

तिला एकाएकी फार भीती वाटली. तातेरावांची नव्हे. बाबा एवढे शहाणे होते, आणि एवढे घाबरले होते. दोन्ही एकाच माणसात मावतं, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं.

आईनं साडीची घडी घातली. ती उलगडून परत घातली.

“एक रस्ता हाय,” ती म्हणाली. “त्या बेबीनंदानं विचारायला लावलं ना तुला? तेवढं सांग पंचांना. बोर्डिंगातली पोरगी, आपल्या धर्माची न्हाई. तिनं भरवलं म्हण. तातेरावांना पटंल.”

“तिनं भरवलं न्हाई. तिनं नुसतं...”

“तिनंच लावलं का न्हाई?”

“लावलं. पण तिला बोर्डिंगातून काढतील...”

“मंग खोटं कुठं बोलायचं हाय?”

बेबीनंदाचे वडील पुंजाराम रोजंदारीवर जात. मिशनच्या बोर्डिंगात तिला जागा मिळाली, तेव्हा तिला सोडायला ते भोकरदनकडून चालत आले होते, आणि इमारतीकडं बघत कितीतरी वेळ फाटकापाशी उभे राहिले होते. हे बेबीनंदानंच सांगितलं होतं, हसत हसत, बापाची नक्कल करून.

सुवार्तेनं बाबांकडं पाहिलं. ते नाही म्हणतील, याची ती वाट बघत राहिली.

“तसं सांगितलं,” बाबा म्हणाले, आणि त्यांनी घसा साफ केला, “तर मिटंल.”

तेवढ्यात दारावर थापा पडल्या. आईचा हात छातीशी गेला. बाबा उभे राहिले, परत बसले.

“सुवा! ए सुवा! दार का लावलं गं दिवसाढवळ्या?”

आईनं दार उघडलं. बेबीनंदा उंबऱ्यातच उभी होती, पळत आल्यानं वेणी सुटलेली, आणि तोंडभर हसू.

“काकू, सलाम. सर, नमस्कार. विचारलंस म्हणे तू! सगळ्या बोर्डिंगात झालंय. शिवकन्या म्हणती खोटं हाय, मी म्हणलं, आमची सुवा हाय ती! आण दप्तर.”

“उद्या आयतवार हाय, येडे.”

“मंग सोमवारपासून. मी बोलले ते बोलले.” तिनं नाक वर करून इस्त्रीचा वास घेतला, मग तिचं लक्ष साडीकडं गेलं. “अय्या, केवढी पांढरी! काकू, उद्या मी येऊ बघायला? बाहेरून बघीन, खिडकीतून. पंच रागावतील का?”

आईनं फळीवरच्या डब्यातून एक गुळाचा खडा काढला आणि बेबीनंदाच्या हातावर ठेवला. ठेवताना तिनं तिच्याकडं बघितलं नाही.

“जल्दी जा,” ती म्हणाली. “बोर्डिंगची हजेरी होईल.”

बेबीनंदा गूळ गालात धरून पळत सुटली. वळणावर तिनं मागं बघून दप्तर खांद्यावर घेतल्याची नक्कल केली, ओझ्यानं वाकून, लंगडत. सुवार्तेला हसू आलं.

आईनं दार परत लावायला घेतलं.

“राहू दे उघडं,” सुवार्ता म्हणाली.

आईनं तिच्याकडं पाहिलं. सुवार्तेनं दोन्ही हात मागं बांधले. पंधरा ऑगस्टलाही ती अशीच उभी राहिली होती, आणि आवाज निघाला होता.

“आई, बाबा, मी उद्या उभी राहणार न्हाई.”

“काय?”

“दृढीकरण घेणार न्हाई. गेल्या वर्षी कडूबाला ताप आल्ता म्हणून तो उभा राह्यला न्हाई, तर पंचांनी त्याला काही विचारलं का? उलट तातेरावच म्हणाले, उभा न्हाई तो लेकरू. लेकराला पंच काही विचारू शकत न्हाईत. ना पुस्तक, ना माणूस.”

“अन् आत्या? अन् लोक?” आई तिथंच जमिनीवर बसली. “लोक काय म्हणतील, मास्तराच्या पोरीला मेजावरून उठवलं?”

“म्हणू दे. मला उठवलं म्हणतील. दुसऱ्या कोणाला उठवलं, असं तर म्हणणार न्हाईत.”

बाबा उठले, खिडकीपाशी गेले, कडीवर हात ठेवून उभे राहिले. कडी त्यांनी काढलीही नाही आणि सोडलीही नाही.

सुवार्ता त्यांच्या पाठीकडं बघत होती. वर्गात बघायची तशी.

“पुढच्या वर्षी मी उभी राहीन, बाबा,” ती म्हणाली. “हीच शंका विचारीन, अन् उत्तर मीच देईन, तुम्ही सांगितलं तसंच. मंग तातेराव विचारतील कोणी शिकवलं. तेव्हा मी खोटं बोलणार न्हाई. तोवर तुम्ही काय करायचं, ते तुम्ही ठरवा.”