घरी बसणारी इत्तो

गॅसच्या टाक्या वाहणाऱ्या टेम्पोच्या ड्रायव्हरने मागे न बघता गाडी मागे घेतली, आणि मेकनेस शहराच्या जुन्या वेशीपाशी इत्तो टेम्पो आणि भिंतीच्या मध्ये सापडली. जीव वाचला, उजवा खांदा मोडला. इस्पितळाच्या व्हरांड्यात पोलिसाने तिच्या नवऱ्याला, बूशताला विचारलं, "बायको काय करते?"

"काही नाही. घरीच बसून असते."

पोलिसाने ते तसंच लिहून घेतलं. बूशताला त्यात काही वावगं वाटलं नाही. नवरे असंच सांगतात. बायकोला कमवावं लागत नाही, यातच घराची अब्रू असते.

खरं वेगळंच होतं. बूशता ज्या कारखान्यात चामड्याच्या सपाता शिवायचा तो बंद पडून बराच काळ झाला होता. तरी तो रोज सकाळी दाढी करून बाहेर पडायचा आणि कोपऱ्यावरच्या कॉफीच्या दुकानात बसायचा. घर चालायचं ते इत्तोच्या वरक्यावर. निखाऱ्यांवर तांब्याची परात पालथी घालायची, ओल्या कणकेचा गोळा हातात धरून तिच्यावर भराभर टेकवत जायचा, आणि कागदासारखं पातळ पान सोलून काढायचं. लग्नाकार्यात बस्तीला नावाचा सारण भरलेला मोठा थरांचा पदार्थ लागतो, तो या पानांशिवाय होत नाही. इत्तोची पानं सगळ्या शहरात जायची.

खांदा जुळला, पण हात वर जाईना. पुढे टेम्पोच्या विमा कंपनीचा माणूस गोड बोलत घरी आला. त्याने रक्कम सांगितली, कागद पुढे केला. बूशताने पेन उचललंसुद्धा.

"आधी कुणाला तरी विचार," इत्तो म्हणाली.

"कशाला? घरबसल्या आयते पैसे मिळतायत."

"आयते? खांदा माझा गेलाय, सी बूशता." रागातही नावाआधी आदराचा 'सी' होताच.

म्हणून दोघं वकीलबाईंकडे गेली. औषधाच्या दुकानावर त्यांची एक खोली होती. नाव गिझलान, पण वकीलबाईला म्हणायच्या तिथल्या रीतीने सगळे त्यांना उस्तादाच म्हणायचे. त्या पाव खात होत्या. तो बाजूला ठेवून त्यांनी कागद ओळीवर बोट ठेवून वाचला, मग पुन्हा पहिल्यापासून वाचला.

"यावर सही केलीत की दार बंद. मग आणखी काही मागता येणार नाही."

"पण रक्कम इतकी कमी का?" इत्तोने विचारलं.

"हिशोब तीन गोष्टींवर होतो, लल्ला," बाईमाणसाला आदराने म्हणतात तसं त्या म्हणाल्या. "तुमचं वय, कायमचं अपंगत्व किती, आणि कमाई किती. चूक ड्रायव्हरची आहे, ते त्यांनाही मान्य आहे. वय काही माझ्या हातात नाही. अपंगत्व बघू." त्यांनी डॉक्टरचा अहवाल काढला. "इथे लिहिलंय, रुग्णाची विशेष तक्रार नाही. डॉक्टरांनी कसं वाटतं विचारलं तेव्हा काय म्हणालात?"

"काय म्हणणार? अल्हम्दुलिल्लाह, बरं आहे."

उस्तादांनी कपाळाला हात लावला. "माझ्याकडे येणारं प्रत्येक माणूस हेच करतं. देवाचे आभार माना, पण वाक्य तिथे थांबवू नका. केस विंचरता येतात का?"

"नाही."

"डोक्याचा रुमाल?"

"एका हाताने गुंडाळते. सारखा सुटतो."

"पुन्हा तपासणीचा अर्ज करू. तिथे हे सगळं सांगायचं." मग त्या बूशताकडे वळल्या. "तिसरी गोष्ट तुमच्या तोंडात आहे. काम नाही म्हटलं की कोर्ट सगळ्यात कमी मजुरी धरतं. ही खरंच काही करत नव्हती?"

इत्तो खिडकीबाहेर बघत राहिली. नवऱ्याला उघडं पाडायचं नाही, एवढंच तिने ठरवलं होतं. उस्तादांनी दोघांकडे बघितलं आणि घाई केली नाही. इत्तोच्या बोटांवर भाजल्याचे जुने डाग त्यांना आधीच दिसले होते.

"वरका करते," शेवटी बूशताच म्हणाला. "पण ते मी कोर्टात सांगणार नाही. बायकोच्या जिवावर खातो, असं चारचौघांत सांगू?"

"मी तुम्हाला खोटं बोलायला सांगितलं असतं तर तुम्ही पटकन हो म्हणाला असता," उस्तादा म्हणाल्या. "खरं आहे म्हणून जड जातंय. घरी जाऊन विचार करा. पण सही करू नका."

दुसरी तपासणी झाली. या वेळी इत्तो अल्हम्दुलिल्लाहच्या पुढे बराच वेळ बोलली, आणि अपंगत्वाचा आकडा वाढला. कमाईसाठी न्यायाधीशांनी आपल्या दालनात चौकशी ठेवली. उस्तादांनी लग्नाचा स्वयंपाक करणाऱ्या हज्जा तामोला साक्षीला आणलं होतं.

कंपनीच्या वकिलाने विचारलं, "तुम्ही हिच्याकडून माल घेत होतात, याच्या पावत्या आहेत?"

"बाळा, तुझी आई वरका घेते तेव्हा पावती मागते का? हिची पानं असली की बस्तीला फाटत नाही, हीच माझी पावती!"

न्यायाधीशांनी हसू आवरलं. वकील मात्र हटला नाही. "महाराज, पोलिसांच्या कागदात नवऱ्याचं वाक्य आहे. ती घरी बसून असते."

"नवऱ्याला शपथ देता येत नाही," न्यायाधीश म्हणाले, "माहिती म्हणून ऐकतो. सी बूशता, हे तुम्हीच सांगितलं होतं?"

बूशता उठला. उस्तादांनी त्याच्याकडे पाहिलंही नाही. त्याला काय बोलायचं ते त्यांनी पढवलं नव्हतं. इत्तोचा रुमाल पुन्हा सुटला होता आणि ती डाव्या हाताने तो सावरत होती. वकील घड्याळ बघत होता.

"मीच सांगितलं, महाराज. आणि ती बसते हेही खरं आहे. पहाटेची नमाज झाली की शेगडीपुढे बसते ती दुपारी उठते. उठताना भिंत धरते. मी बसतो कॉफीच्या दुकानात. कारखाना बंद झाल्यापासून तिथेच बसतो. घरचं भाडं, पीठ, तेल, मुलीचं लग्न, सगळं हिच्या या हातावर झालं. मी काय करतो ते पोलिसाने विचारलं नाही. विचारलं असतं तर त्यालाही खोटंच सांगितलं असतं."

न्यायाधीशांनी कारकुनाला शब्दन् शब्द उतरवून घ्यायला सांगितला.

बाहेर आल्यावर हज्जा तामो म्हणाली, "एवढं काय लाजायचं? सगळ्या गल्लीला ठाऊक आहे!"

बूशताचं तोंड उतरलं. इत्तो त्याच्या शेजारून चालत होती. "हे एवढं बोलायला," ती म्हणाली, "माझा खांदा मोडावा लागला होय रे तुला?" पण चालताना तिने डावा हात त्याच्या हातात दिला.

निकाल लागला त्या दिवशी उस्तादांनी दोघांना बोलावून घेतलं. कोर्टाने कमाई धरली होती. आधीच्या रकमेच्या कितीतरी पट मंजूर झालं होतं. बूशता मान खाली घालून बसला होता. ही वकीलबाई रस्त्यावर ओरडत नाही, टेबल ठोकत नाही, नुसते प्रश्न विचारते आणि थांबते. आणि एवढ्यावर हे होतं, याचं त्याला नवल वाटत होतं.

इत्तोने रकमेचं काही विचारलं नाही. "माझ्या कामाचं काय लिहिलंय?"

उस्तादांनी वाचून दाखवलं, "'अर्जदार ही वरका बनवणारी कुशल कारागीर असून तिच्या कमाईवर कुटुंबाचा निर्वाह होत असे.'"

"पुन्हा वाचा."

त्यांनी पुन्हा वाचलं.

"माझी पानं पातळ असतात, ते नाही लिहिलं?"

"कायद्यात पातळ-जाड नसतं, लल्ला."

"मग न्यायाधीशांनी खाल्लेली दिसत नाहीत," इत्तो म्हणाली.