धोंडुबाईच्या पायाखालचा बंधारा

मी एक जुना बंधारा आहे आणि मित्रांनो, खरं सांगतो, मी फार भित्रा आहे.

राधानगरीच्या खालच्या अंगाला नदीत माझे दगडी खांब उभे राहिले, तेव्हा लोकांनी गुलाल उधळला होता. खांबांमध्ये फळ्या बसवून मी उन्हाळ्यात उसासाठी पाणी अडवतो. पावसाळ्याआधी फळ्या काढतात, म्हणजे पूर मोकळा वाहतो. पाठीवर मात्र बारा महिने रस्ता. पलीकडच्या वाडीला गावात यायला दुसरी वाट नाही. नव्वदच्या दशकात सायकली, बैलगाड्या, वऱ्हाडं, सगळी माझ्यावरून गेली. कठडा मला नाही. असता तर त्यात पुराची झाडंझुडपं अडकली असती.

२००५च्या पुरात पाणी माझ्या पाठीवर चढलं. वाहत आलेल्या बुंध्यानं मध्यावरची माझी कडा तोडली. गढूळ पाण्याखालचं भगदाड कुणाला दिसणार? माझा जीव टांगणीला लागला, कारण वाडीची धोंडुबाई दुधाची किटली डोक्यावर घेऊन निघाली होती, आणि ती नेहमी त्याच कडेनं चालायची.

गावाकडच्या काठावरून डेअरीतला नागसेन ओरडला, "मावशी, माघारी फिरा. पाणी चढाय लागलंय."

"मला काय सांगतोस? जलम गेला ह्याच्यावरनं चालून. डोळं झाकून येतो की."

मला ओरडावंसं वाटलं, पण दगडाला कुठलं तोंड? तिचा पाय भगदाडात गेला. किटली वाहून गेली. गळ्यापर्यंत पाण्यात बुडालेल्या बाईनं माझ्या दगडाची फट घट्ट धरली. नागसेन कमरेला कासरा बांधून आला, दुसरं टोक गावकऱ्यांनी धरलं, आणि त्यानं तिला ओढून काठावर नेलं.

दुसऱ्या दिवशीही पाणी पाठीवर होतंच. वाडीच्या बायका गावात अडकल्या होत्या. धोंडुबाईनं माझ्यावर नारळ फोडला आणि त्यांना म्हणाली, "ह्यो हाय म्हणून वाचलो. ह्यो कुणाला बुडू देत न्हाय. चला."

ती पदर खोचून पाण्यात शिरली. तिच्यामागून बाकीच्या. त्या सगळ्या पोचल्या, आणि माझी भीती दुप्पट झाली. तेव्हापासून वाडीची माणसं पुरातही बिनधास्त येतात, जाताना मला हात जोडतात.

मी तिला धरलं नव्हतं, मित्रांनो. मला हात नाहीत. पाया पडतो, पाणी माझ्या पाठीवर असलं की माझ्यावर येऊ नका.