आधी छताला हात लावा

मला सात पायऱ्या आहेत, चार पाय आहेत आणि वय विचारलंत तर मी सांगणार नाही! एवढंच सांगते, की मी लाकडाची, घडीची, बऱ्यापैकी जुनी शिडी आहे. माझ्या अंगावर फिकट निळा, पिवळा आणि एक भयंकर पोपटी रंग सांडलेला आहे. मित्रांनो, हे डाग म्हणजेच माझी कमाई.

एका सुताराने दारांच्या उरलेल्या लाकडातून मला घडवलं. त्याच्याकडून मला एका जोडप्याने नेलं. बायको दवाखान्यात एक्स-रे काढायची, म्हणून सगळे तिला एक्स-रेबाई म्हणायचे. नवरा शाळेची बस चालवायचा. दोघांनी नोकऱ्या सांभाळून, बँकेचं कर्ज काढून वरच्या मजल्यावर एक खोली घेतली होती. स्वतः राहायला नाही हं, भाड्याने द्यायला!

"पगारात घर चालेल, भाड्यात हप्ता जाईल," एक्स-रेबाई म्हणायची, "आणि आपले केस पांढरे होईपर्यंत खोली आपली!"

पण दोन महिने खोली रिकामीच राहिली. तिसरा महिनाही तसाच गेला असता तर ती विकावी लागणार होती. त्यात छताच्या कोपऱ्यात ओल आलेली.

"रंगाचे दोन हात मारले की झाकून जाईल," बसवाला म्हणाला.

एक्स-रेबाई जरा चुळबुळली, पण तिनेही ब्रश उचलला. मला तर त्या ओलीचा वास येत होता! पण शिडीला कोण विचारतं?

खोली अशी चकाचक झाली म्हणता! दुसऱ्याच दिवशी शिवणमावशी बघायला आल्या. त्या कपडे शिवायच्या. खोलीत राहायचं आणि तिथेच मशीन मांडायचं, असा त्यांचा बेत होता. त्यांनी भिंती बघितल्या, खिडकी बघितली आणि मग थेट माझ्यावर चढल्या. छताला बोट लावलं. बोट ओलं!

"बाई, छत रडतंय आणि तुम्ही त्याला पावडर लावलीत?" त्या म्हणाल्या. "लोकांच्या हाडांच्या आतलं दिसतं तुम्हाला आणि हे नाही दिसलं?"

एक्स-रेबाईचा चेहरा पडला. मावशी पायऱ्या उतरल्या आणि निघून गेल्या.

त्या संध्याकाळी दोघांनी एकमेकांवर खापर फोडलं नाही, याचं मला फार कौतुक वाटलं. बसवाल्याने दोन दिवस रजा टाकली. प्लंबरला बोलावलं, तेव्हा कळलं की गच्चीवरच्या टाकीचा पाइप सांध्यात गळतोय. पाइप बदलला. छताचा नवा रंग पार खरवडून काढला. चार दिवस कोपरा वाळू दिला आणि मगच पुन्हा रंग दिला. माझ्या पायऱ्यांवर भुगाच भुगा! मी इतकी खूश होते, की आनंदाने करकरत होते.

मग मावशी तेव्हा ज्या दुकानात शिवायला बसायच्या, तिथे बसवाला गेला. तिथे काय झालं ते त्याने मला टेकून बायकोला सांगितलं, म्हणून मला माहीत.

"मावशी, एकदा येऊन बघा. नाही पटलं तर शिव्या द्या," तो म्हणाला होता.

"शिव्या आत्ताच घेऊन जा, बघायला उद्या येते," मावशी म्हणाल्या होत्या.

त्या आल्या. पुन्हा चढल्या. मला सरकवत सरकवत अख्खं छत चाचपलं. एक्स-रेबाई श्वास रोखून उभी होती.

"मशीन कुठे ठेवू?" मावशींनी विचारलं.

बस्स! खोली वाचली. मावशी नऊ वर्षं राहिल्या. भाड्यातून हप्ते जात राहिले. पुढे दुसरी खोली झाली, मग तिसरी. नवरा-बायकोने नोकरी मात्र सोडली नाही. नवा भाडेकरू यायच्या आधी मला उभं करायचं आणि छतापासून सुरुवात करायची, हा नेमच झाला. पोपटी रंग तेव्हाचा. तो कुणी निवडला ते विचारू नका!

मग घरात ॲल्युमिनियमची शिडी आली. नखरेल बाई! मला जिन्याखाली ढकललं. माझ्यावर पोती पडली, माझे स्क्रू सैल झाले. मी थोडी रुसले, खोटं कशाला बोलू?

मागच्या महिन्यात मावशी खोली सोडून निघाल्या. त्यांनी शिवणाच्या कमाईतून एक छोटी खोली घेतली होती, भाड्याने द्यायला! जाताना म्हणाल्या, "बाई, ही शिडी मला द्या."

"अहो, ती डुगडुगते!"

"डुगडुगू दे. पण खरं काय ते दाखवते."

आता मी मावशींकडे आहे. स्क्रू घट्ट झालेत, तेलपाणी झालंय. आज त्या नव्या खोलीत माझ्यावर चढल्या. खाली मला घट्ट धरून कोण उभं होतं सांगू? दवाखान्यातून अर्धा दिवस सुट्टी काढून आलेली एक्स-रेबाई!

मित्रांनो, तुमच्या घरातही माझ्यासारखी एखादी असेल. तिला पोत्यांखाली गाडू नका. आणि घरचं कुणी वर चढत असेल, तर हातातलं काम ठेवा आणि खालून धरा.