घाईने शिवलेली जास्वंद

मी एक तिवाएवाए बोलतेय. बायकांनी मिळून शिवलेली, लग्नकार्यात द्यायची, पलंगावर अंथरायची चादर. पॅसिफिक महासागरातल्या आमच्या ऐतुताकी बेटावर तिला हे नाव. माझा जन्म मात्र सुईदोऱ्याच्या कितीतरी आधी, एका नवसातून झाला.

चार वर्षं होत आली त्याला. उपोकोइनाला मोठ्या आतड्याचा कॅन्सर निघाला आणि ऑपरेशनसाठी तिला न्यूझीलंडमधल्या ऑकलंडला नेलं. त्या रविवारी चर्चमधून सगळे उठून गेले, तरी तिची चुलत बहीण अकाइती बसून राहिली. समोरच्या बाकाला दोन्ही हातांनी घट्ट धरून म्हणाली, "देवा, ती विमानातून आपल्या पायांनी उतरू दे. मी तिला कधी एकटी बसू देणार नाही. आमच्या सगळ्या बायांचे टाके एका कापडावर घालून तिच्या मांडीवर ठेवीन. तोवर दुसऱ्या कुणासाठी सुई धरणार नाही." साऱ्या बेटावर हिच्यासारखी कात्री कुणाची चालत नाही. तिने सुईचा उपास धरायचा म्हणजे काही साधी गोष्ट नव्हे.

उपोकोइना उतरली. आपल्या पायांनीच उतरली. पण तिच्या पोटावर आता कायमची पिशवी होती, शौचाची. ती फुगेल, वास येईल, भजनाच्या मध्येच आवाज करील, या धास्तीने ती चर्चमध्ये अगदी दाराजवळ जाऊन बसू लागली. मंगळवारच्या शिवणाला यायचं तिने बंदच केलं. रविवारच्या जेवणाला नारळाच्या दुधात शिजवलेली अळूची पानं सगळ्यांना वाढायची आणि स्वतः उपाशी राहायची.

तिचा नवरा नोरोआ म्हणायचा, "अगं, तुझ्या पोटापेक्षा माझी स्कूटर जास्त ओरडते."

"म्हणून तर तिला बाहेर ठेवतोस," ती म्हणायची. हसायची, पण जागा बदलायची नाही.

अकाइतीच्या जिवाला नवस टोचत होता. पण कापड मोठ्या बेटावरून, रारोटोंगाहून, बोटीने यायचं. एकदा बोट बिघडली, एकदा आली ती नुसती सिमेंट घेऊन. शेवटी लाल आणि पिवळं कापड हाती आलं, तेव्हा उपोकोइनाच्या वर्षाच्या तपासणीला उणेपुरे अठरा दिवस उरले होते. अकाइतीने मनाशी ठरवलं, ऑकलंडच्या थंडीत ती ही चादर घेऊनच जाईल. आणि तिला आधी कळू द्यायचं नाही.

लाल कापडाची चौपदरी घडी झाली. अकाइतीने क्षणभर डोळे मिटले, ओठ हलले, आणि कात्री सरसर फिरली. घडी उलगडली तेव्हा मी जास्वंद झाले होते. मग पिवळ्या चादरीवर मला टाचून चर्चशेजारच्या हॉलमध्ये केवड्याच्या चटयांवर आठ बाया भोवती बसल्या. जिथे एरवी सहा महिने लागतात तिथे अठरा दिवस! बोटांना भोकं पडली.

म्हाताऱ्या तुकुआआजी ओरडायच्या, "हळू ओढ गं! दोरा आहे तो, डुकराचं दावं नव्हे."

एवढं सगळं झालं, पण एक गोष्ट आठ जणींपैकी एकीच्याही लक्षात आली नाही. आमच्याकडे तिवाएवाए अशी घाईने, रोज बसून शिवतात ती एकाच माणसासाठी. ज्याचे दिवस भरत आलेत त्याच्यासाठी, मातीत जाताना अंगाभोवती गुंडाळायला. उपोकोइनाने स्वतः अशा चार शिवल्या होत्या.

विमान शुक्रवारी होतं. बुधवारी दुपारी ती रविवारची पातेली परत ठेवायला हॉलमध्ये आली. बायांनी मला पटकन चटईखाली लोटलं. पण पिवळी कड बाहेर राहिली.

तिने पातेली खाली ठेवली. चटई उचलली. 

"कुणासाठी गं?"

कुणी वर बघेना. शेवटी एक धाकटी सून बिचारी बोलून गेली, "उद्यापर्यंत संपवायची आहे, मावशी. कशीही करून."

उपोकोइनाचा हात माझ्या पाकळीवर होता. तो एकदम गार पडला, हे मला कळलं. बायांना नाही कळलं. तिने माझी सुरकुती नीट केली, मला पुन्हा चटईखाली सरकवलं आणि म्हणाली, "टाके छान पडलेत." आणि निघून गेली. मला तोंड असतं तर मी किंचाळले असते.

गुरुवारी सकाळी नोरोआ हॉलच्या दारात येऊन उभा राहिला. अंगावर समुद्राचं पाणी तसंच.

"ती जात नाही म्हणते. तिकीट परत कर म्हणते. ऑकलंडहून तुम्हांला काही कळलंय का? मला तरी सांगा! मी नवरा आहे तिचा."

त्याचा आवाज असा फाटलेला मी कधी ऐकला नव्हता. बाया एकमेकींकडे बघू लागल्या. तुकुआआजींच्या हातातून सुई गळून पडली.

"अगं बायांनो," त्या म्हणाल्या, "आपण जितीचं कफन शिवत बसलोय की गं!"

अकाइतीने मला तशीच टाचण्यांसकट खांद्यावर टाकली आणि निघाली. रस्ताभर टाचण्या तिला टोचत होत्या, पण तिचं लक्ष नव्हतं.

उपोकोइना ओट्यावर कंद सोलत बसली होती. वर न बघता म्हणाली, "आणलीस? माप घ्यायचं असेल."

"त्या डॉक्टरांनी आतड्याबरोबर तुझी जीभही थोडी कापायला हवी होती."

"घाई कशाची होती तुला?"

"बोटीची! कापड येईना, त्यात तुझी तपासणी आली. मी नवस बोलले होते, तू परत यावीस म्हणून. वर्षभर सुई धरली नाही मी, विचार कुणालाही."

"पत्र आलं असणार. तुम्ही सगळ्यांनी मिळून लपवलंत."

अकाइतीने मला ओट्यावर फैलावलं आणि माझा चौथा कोपरा तिच्यापुढे धरला. तिथली पाकळी नुसती टाचलेली होती, टाका एकही नव्हता.

"ही तुझ्यासाठी ठेवलीय. मरणाच्या चादरीवर मरणारीकडून कधी टाका घालून घेतात का? चार शिवल्यास ना तू? सांग!"

उपोकोइनाच्या हातातला सुरा थांबला. तिने तो खाली ठेवला. मग अगदी हळू बोलली.

"चादरीचं निमित्त झालं गं. मला भीती वाटते. डॉक्टर फोटो बघता बघता गप्प झाले तर?"

"तर मी बोलेन. मला गप्प बसता येत नाही, हे साऱ्या बेटाला ठाऊक आहे. मी येतेय तुझ्याबरोबर."

"आणि ते खरंच परत आलं असेल तर?"

 अकाइतीने मनातल्या मनात देवाचं नाव घेतलं असावं. "तर वेळेत कळेल," ती म्हणाली. "तू गेली नाहीस म्हणून ते जाणार नाही."

उपोकोइनाने हात धुतले, सुई घेतली. दोरा ओवायला चार वेळा चुकली. पहिला टाका घातला, आणि नेमका तेव्हाच पोटावरच्या पिशवीने गुर्रर्र आवाज केला. ती दगडासारखी ताठ झाली.

"ऐकलंस?" अकाइती म्हणाली. "ती येते म्हणतेय. आता तुझं काय ते बोल."

आधी नुसते उपोकोइनाचे खांदे हलले. मला वाटलं, रडतेय. हसत होती! हसता हसता रडायलाही लागली. ती पाकळी तिने संध्याकाळपर्यंत पुरी केली. टाके वाकडे आहेत, पण माझ्या अंगावर तेच मला सगळ्यांत प्रिय.

ऑकलंडच्या त्या लांबलचक खोलीत मी दोघींच्या मांड्यांवर पसरले होते. उपोकोइनाची मूठ माझ्यात रुतली होती. नाव पुकारलं, दोघी आत गेल्या, मला खुर्चीवर ठेवून. किती वेळ गेला सांगता येत नाही. दार उघडलं तेव्हा बोलेन म्हणालेली अकाइतीच मुकी झाली होती, आणि उपोकोइना तिला सांगत होती, "अगं, स्वच्छ आहे म्हणाले! पुढच्या वर्षी पुन्हा या म्हणाले. रडतेस काय?"

त्यानंतर दोन वर्षं तसंच झालं. पुढच्या महिन्यात पुन्हा जायचंय. भीती गेलेली नाही. विमानाची तारीख जवळ आली की ती येते आणि आमच्यात येऊन बसते. पण बसायला आम्ही तिघी असतो.

माझ्या बहिणी पेट्यांत जपून ठेवलेल्या असतात. मी नाही. गेल्या पावसाळ्यात बेटावरच्याच अमुरी गावातल्या एका शिक्षिकेला हेच दुखणं निघालं, तेव्हा उपोकोइना मला काखेत मारून तिच्याकडे गेली. तिथे सोफ्यावर बसली, ब्लाउज वर करून पिशवी दाखवली आणि म्हणाली, "विचार काय विचारायचं ते. लाजू नकोस." मी सहा आठवडे त्या घरी राहिले. कडा विरल्या आहेत माझ्या, लाल रंग थोडा उडालाय. त्याचं मला काही वाटत नाही.

तुमच्याही ओळखीत असं कुणी असेल, आजारातून उठलेलं आणि माणसांतून उठून गेलेलं. त्यांच्यासाठी अकाइतीसारखा एक नवस बोला ना. शिवता येत नसेल तर राहू द्या. पण तपासणीच्या दिवशी "मी येतेय तुझ्याबरोबर" एवढं म्हणा, आणि खरंच जा.