पेटीच्या तळाचा कागद

माझ्या झाकणावरच्या या पोच्याला हसू नका, मित्रांनो. मी लातूरच्या गंजगोलाईत घडलेली पत्र्याची पेटी, साखराबाईच्या लग्नातली. त्र्याण्णवच्या भूकंपात घराचं मातीचं माळवद कोसळलं, तेव्हा तुळई मी अंगावर झेलली. माझ्या आडोशाला निजलेला तिचा दहा वर्षांचा बालाजी वाचला. नवरा गेला. पुढे नव्या गावठाणातलं घरही दिराने तिचा अंगठा घेऊन स्वतःच्या नावावर केलं.

हे ऐकतच बालाजीची लेक पूनम वाढली. बापाला तिला डॉक्टर करायचं होतं. मग काय, मी निघाले तिच्याबरोबर लातूरच्या क्लासला, कॉटखाली. तिथल्या सरांचं एकच पालुपद होतं: "येत न्हाई ते सोडा. चुकलं की हातचे मार्क जातेत." पूनमने ते चिठ्ठीवर लिहून माझ्या झाकणाला आतून चिकटवलं. रोज वाचायची पोरगी!

दोनदा डॉक्टरकी हुकली. तेव्हा ती म्हणाली, "बाबा, मला वकील व्हायचंय. आजीच्या घरासाठी."

"एकच डाव," बालाजी म्हणाला. "न्हाई जमलं तर देगलूरच्या पाहुण्यांना होकार कळवतो."

पूनमने जिवाचं रान केलं. कायद्याच्या प्रवेश परीक्षेचा सूचनांचा कागद आला, तो मात्र तिने नंतर वाचू म्हणून माझ्या तळाशी ठेवला. वर पुस्तकं रचली.

परीक्षा देऊन आली तेव्हा चेहरा फुललेला होता. खोलीतल्या मुग्धाने विचारलं, "किती सोडलीस?"

"बत्तीस. शंका होती ती सगळी."

"अगं, सोडलीस कशाला? ह्यात चुकलं तरी मार्क कापत न्हाईत."

पूनमने पुस्तकं उपसली, कागद काढला, वाचला आणि माझ्या कडेला डोकं टेकून बसली. निकालात चार गुण कमी पडले. बालाजीने शब्द पाळला. माझ्यामुळे जगलेला तो माणूस, त्याचा मला त्या दिवशी राग आला.

आज माझ्यात तिचा लग्नाचा बस्ता आहे. टेम्पोत चढवण्याआधी साखराबाई म्हणाली, "ती चिठ्ठी तेवढी फाड गं."

"राहू दे आजी," पूनम म्हणाली. "मला पोरगी झाली तर दाखवीन."

मित्रांनो, मला रंग देऊ नका, पोचाही काढू नका. परीक्षेला निघण्याआधी तेवढा आपल्या पेटीचा तळ बघत जा. कागद माझ्याच पोटात होता, आणि मला तोंड नव्हतं.