दारफळणीच्या पुऱ्या

बायको सिपोरा गेल्यानंतरची पहिली दारफळणी जवळ आली, तेव्हा घोसाळकरांच्या लक्षात आलं, की या सणाचा अर्धा भाग आपण फेब्रुवारीपासून रोजच पाळतोय. दारफळणी म्हणजे बेने इस्रायलांचा, म्हणजे मराठी ज्यूंचा, उपासाचा दिवस. आदल्या संध्याकाळी सूर्य बुडायच्या आत दार लावायचं, ते दुसऱ्या दिवशी चांदण्या दिसल्यावर उघडायचं. मधे अन्न नाही, पाणी नाही, कुणाशी बोलणं नाही. घोसाळकर जेवत तेवढे, बाकी सराव चोख होता.

त्या दिवशी गेलेली माणसं घरी येऊन बसतात आणि दार उघडलं की परत जातात, असं त्यांची आई सांगायची. घोसाळकर बी.एस्सी., पाटबंधारे खात्यातून निवृत्त. असल्या गोष्टींवर त्यांचा विश्वास नव्हता. फक्त सिपोरा आली नसती, तर त्यांना ते फार लागलं असतं.

म्हणून पुऱ्या करायचं ठरलं. उपास सोडायचा तो पुरीनंच. नाव पुरी, आकार करंजीचा, पोटात भाजलेला रवा, खोबरं, खसखस आणि जंगलातली चारोळी. डॉक्टरांनी तळण बंद केल्यापासून सिपोरा पुऱ्या मुबीनच्या बेकरीत भाजून आणी आणि दुसऱ्या दिवशी गल्लीभर वाटी. गडचिरोलीतल्या त्या गल्लीनं त्यांना ख्रिश्चन ठरवून टाकलं होतं. सिपोरानं दोनदा समजावून सांगितलं, मग नाताळच्या शुभेच्छा घ्यायला लागली.

घोसाळकरांनी तिच्या वहीत बघून रवा भाजला. साखर मोजली आणि मुंग्या लागू नयेत म्हणून फ्रीजमध्ये ठेवली. तेवढ्यात शेजारच्या ललिताबाई आत आल्या.

"भाऊ, दार उघडं दिसलं. मले वाटलं चोर शिरला."

"चोराला रवा भाजता येत नाही."

"तुम्हाले तरी कुठी येते? सरका तिकडे, मी लाटून देतो."

"नको. मीच करणार."

"करा बापा. कडा नीट दाबा, नाई तं भट्टीत तोंड उघडते." दारापर्यंत जाऊन त्या वळल्या. "अन् एक खाऊन पाहा पहिले."

"सणाचं चाखत नाहीत. सिपोराचा नियम होता."

"बाईचा नियम बाईले जमे," ललिताबाई म्हणाल्या आणि गेल्या.

पुऱ्यांचे आकार वेगवेगळे झाले. काही तर नकाशावरच्या तलावांसारखे दिसत होते. मुबीननं ट्रे बघितला, पण तो सभ्य माणूस होता.

"साहेब, एक फुटली," तो भट्टीतून ट्रे काढत म्हणाला. "फुटली ती भट्टीवाल्याची. बाईंच्या वेळेपासून तसंच आहे."

घोसाळकरांनी ती त्याला दिली, घरी येऊन आंघोळ केली, पांढरे कपडे घातले, फोन बंद केला आणि दार लावलं.

दुसऱ्या दिवशी ते प्रार्थनेचं पुस्तक घेऊन बसले. सकाळी आठच्या सुमारास दाराबाहेर पावलं वाजली, थांबली, परत गेली. घोसाळकर तीच ओळ चार वेळा वाचत राहिले. बाराला पुन्हा पावलं आली, या वेळी थोडी कुजबूजही. तीनला आली ती मात्र हळू, एक चप्पल घासत. सिपोराची डावी चप्पल अशीच घासायची. ही पावलं दाराशी बराच वेळ उभी राहिली. बी.एस्सी.ला याचा खुलासा शिकवला नव्हता, आणि घोसाळकरांनीही मागितला नाही. ते पुस्तक बंद करून तिच्या खुर्चीसमोर नुसते बसले.

खिडकीतून पहिली चांदणी दिसली. मग दुसरी, तिसरी. पुऱ्यांचा डबा जवळच होता, घशाला कोरड पडली होती, पण ते उठले नाहीत. दार उघडलं की सगळं संपणार होतं.

शेवटी पावलं चौथ्यांदा वाजली, आणि आता कडीही वाजली.

"भाऊ! चांदण्या निघाल्या ना! उघडा, काऊन बसले?"

घोसाळकरांनी दार उघडलं. ललिताबाई वाटी घेऊन उभ्या होत्या.

"पुरी खाल्ली का?"

"अजून नाही."

"वाचले! साखरच नाई त्यात. मुबीननं फुटकी खाल्ली. तुमचा फोन बंद, मंग माझ्याकडे आला. कालपासून साऱ्या गल्लीले माहीत हाय."

"मग सांगितलं का नाही?"

"दार लागलं होतं ना! बाईनं सांगून ठेवलं होतं, या दिवशी हाक माराची नाई. सकाळी येऊन गेलो, बारा वाजता मुबीनसंगं आलो, अन् आता तिसऱ्या डावाले. आता तरी घ्या."

घोसाळकरांनी मनात मोजलं. विचारायला तोंड उघडलं आणि त्यात पुरीच घातली. भाजलेल्या रव्याची कोरडी चव लागली. मग उरलेली पुरी त्यांनी वाटीतल्या साखरेत बुडवली आणि डबा ललिताबाईंपुढे धरला.

त्यांनी एक खाल्ली, नाक मुरडलं, दुसरी उचलली.

"दार लावा भाऊ, डास येऊन राह्यले."

"राहू द्या थोडा वेळ," घोसाळकर म्हणाले. "निघताना तिला चप्पल लवकर सापडत नाही."